सत्तर लाखांत विजेवरची आलिशान मोटार घ्यावी का?

औंधवासी (प्रश्न)

नमस्कार. माझी डिझेलवरची जर्मन सेडान येत्या दिवाळीत ११ वर्षांची होईल. गाडीने त्रास दिला असे म्हणवत नाही, पण गेल्या दोन वर्षांत गॅरेजची बिले अशी वाढली आहेत की तिला निरोप देण्याची वेळ आली आहे. हाताशी रस्त्यावर येईपर्यंतच्या सर्व खर्चासह ७० लाखांची तरतूद आहे, आणि घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे की आता घ्यायची ती विजेवरचीच घ्यावी.

माझा वापर असा आहे. औंध ते भोसरी औद्योगिक वसाहत आणि परत, असे रोजचे २८ किलोमीटर. महिन्यातून दोनदा मुंबई, आणि वर्षातून चारेक वेळा कोल्हापूर, कारण तिथे सासुरवाडी आहे. चालक ठेवलेला नाही. मी आणि पत्नी दोघेही गाडी चालवतो. मागच्या आसनावर ७८ वर्षांची आई असते आणि तिचे गुडघे दुखतात.

दोन गाड्या चालवून पाहिल्या. पहिल्या गाडीत बसल्यावर आईने विचारले, "सुरू केलीस का?" तोवर आम्ही ब्रेमेन चौक ओलांडला होता. या शांततेची भूल पडते, हे मान्य करतो. पण विक्रेत्याने सांगितलेले किलोमीटर, बॅटरीचे आयुष्य, डिझेलची बचत आणि पुनर्विक्रीची किंमत यांतले किती खरे मानावे, हे कळत नाही. ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी बऱ्याबरोबर वाईटही लिहावे, ही विनंती.

चक्रपाणी

औंधवासी, मी अशी गाडी तीन वर्षे वापरत आहे आणि ती ४१ हजार किलोमीटर धावली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारी येणार आहेत आणि त्या नावावरून इथे जुंपावी अशी माझी इच्छा नाही.

आधी जमेची बाजू. विद्यापीठ चौकात संध्याकाळी साडेसहाला जो अर्धा तास जातो तो पूर्वी माझ्या उजव्या पायावर काढला जात असे. आता वेगाचा पेडल सैल केला की गाडी आपोआप मंदावते आणि थांबते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो. इंजिनाची थरथर नाही, गिअर बदलताना बसणारा सूक्ष्म हिसका नाही. ओव्हरटेक करताना ताकद मागितल्या क्षणी मिळते, आणि पुणे-सातारा रस्त्यावर दोन ट्रकांच्या मधून निघायचे असते तेव्हा ही चैन राहत नाही, तिची गरज असते. उन्हाळ्यात घरातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे फोनवरून वातानुकूलन सुरू करतो. तळघरात धूर न करता हे करता येते, याची सवय लागली की जुन्या गाडीत बसवत नाही.

घाटाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. मुंबईला जाताना लोणावळ्याशी बॅटरी ६१ टक्के होती आणि खोपोलीला उतरल्यावर ६२. परतताना तोच घाट चढायला आठ टक्के लागले. माझी बॅटरी सुमारे ८० युनिटांची आहे.

आता दुसरी बाजू. मागच्या जूनमध्ये आठ दिवसांनी गावाहून परतलो तर तळघरात उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडेना. किल्लीच्या पोटात दडवलेली धातूची चावी काढून दार उघडले, तर आतला भलामोठा पडदा काळा. मुख्य बॅटरीत सत्तर टक्के वीज असताना गाडी मृतवत पडली होती, आणि कारण काय, तर तिच्यातली नेहमीच्या गाड्यांत असते तशी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. कुलुपे, संगणक आणि मुख्य बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच हे सगळे त्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती गेली की मोठीचा दरवाजा बंद. म्हणजे घरात धान्याची कोठी भरलेली आणि किल्ली विहिरीत. सेवाकेंद्राने माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवला आणि वर "आपण गाडी फार दिवस उभी ठेवलीत" असे मलाच ऐकवले. आठ दिवस म्हणजे फार दिवस, हे विकताना कोणी सांगितले नव्हते.

टायर ३२ हजार किलोमीटरला संपले. वजन सव्वादोन टनांच्या घरात आणि ताकद एकदम येणारी, त्यामुळे रबर झिजणारच. पण चार टायरांचे १ लाख ५२ हजार देताना हात थरथरला. जादा चाक गाडीत नाही, त्याऐवजी पंक्चर भरण्याची बाटली आणि पंप दिला आहे. खेड शिवापूरजवळ टायरची बाजू फाटली तेव्हा त्या बाटलीचा काही उपयोग झाला नाही आणि सपाट ट्रकवर गाडी चढेपर्यंत चार तास टपरीवर चहा पीत बसलो. अशी गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेता येत नाही, हेही तेव्हाच कळले.

आईंच्या गुडघ्यांविषयी वेगळे लिहितो. बॅटरी तळाशी असल्याने मागच्या पावलांखालची जमीन उंच येते आणि त्या मानाने आसन तेवढे उंच नसते, म्हणून मांड्या आसनावर टेकत नाहीत, गुडघे वर येतात. दहा मिनिटांच्या चाचणीत हे जाणवत नाही. आईंना तासभर मागे बसवून, शक्यतो तळेगावपर्यंत नेऊन आणा आणि मगच ठरवा. उंच बांध्याच्या गाडीत हा दोष कमी असतो, सेडानमध्ये जास्त.

टेकडीवाला

वाहनचाचणीच्या क्षेत्रात २९ वर्षे काढून निवृत्त झालो आहे, तेव्हा किलोमीटरच्या दाव्यांवर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेतो.

जाहिरातीत छापला जाणारा आकडा खोटा नसतो. तो ज्या परीक्षेत मिळाला ती परीक्षा सोपी असते. आपल्याकडच्या चाचणीचक्रात गाडी रोलरवर चालवली जाते, तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि सरासरी वेग त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएस ५८०ला २०२२ साली असा ८५७ किलोमीटरचा दाखला मिळाला. तिची बॅटरी १०७.८ युनिटांची आहे, म्हणजे एका युनिटाला जवळजवळ आठ किलोमीटर झाले. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने आणि वातानुकूलन लावून अशा वजनाच्या गाडीकडून युनिटाला पाच किलोमीटरची अपेक्षा ठेवावी, म्हणजे ५४०च्या आसपास. हेही उत्तमच आहे, फक्त ते ८५७ नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर प्रत्येक किलोमीटरमागे हवेशी झुंजण्याचा खर्च दीडपटीहून अधिक होतो. पेट्रोलच्या गाडीतही हाच नियम लागू असतो, पण तिथे इंजिन मुळातच इतकी ऊर्जा उष्णतेत घालवते की ही वाढ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

चक्रपाणी यांचा घाटातला आकडा मी कागदावर पडताळून पाहिला. माणसांसह २,३०० किलो धरले आणि लोणावळा ते खोपोली ही सुमारे साडेपाचशे मीटरची उतरण धरली, तर उंचीमुळे गाडीत साठलेली ऊर्जा साधारण साडेतीन युनिट होते. त्यातली बरीचशी खाली येण्याच्या प्रवासावरच खर्च होते आणि युनिटभर शिल्लक बॅटरीत पडते. ८० युनिटांच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे पाऊण युनिट, तेव्हा त्यांचे ६१ चे ६२ अगदी हिशेबात बसते. डिझेलच्या गाडीत ही साडेतीन युनिटे ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जातात. कसाऱ्याला किंवा खंबाटकीला उतरताना येणारा जळका वास आठवा.

बॅटरीच्या आयुष्याची भीती मात्र गरजेपेक्षा मोठी आहे. नामांकित कंपन्या बॅटरीला बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, ईक्यूएसला तर १० वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर होती. क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती कंपनीची, असा त्याचा साधारण अर्थ असतो. आपण एवढेच पाळावे: बॅटरी निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबावे आणि शंभर फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री करावे. लोखंड-फॉस्फेटची असेल तर शंभर टक्के भरायला हरकत नाही, उलट मोजमाप नीट राहण्यासाठी अधूनमधून ते करावेच लागते. कोणती बॅटरी आहे हे विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आले नाही तर तेही एक उत्तरच आहे.

जलद चार्जिंगबद्दल एकच सांगतो. "१० ते ८० टक्के १८ मिनिटांत" हे ८०० व्होल्टची मुख्य बॅटरी असलेल्या गाडीला ३५० किलोवॉटचा चार्जर मिळाला तर. महामार्गावर ६० किलोवॉटचा चार्जर मिळाला की अठरा मिनिटांवाली गाडी आणि तासवाली गाडी एकाच रांगेत एकाच गतीने उभ्या राहतात. घोडा कितीही चपळ असो, पूल अरुंद असेल तर काय उपयोग! कोल्हापूरला जाता-येता नेमके कुठले चार्जर किती किलोवॉटचे आहेत, हे पाहून मगच त्या गुणासाठी जादा पैसे मोजावेत.

जमाखर्च

वरच्या दोघांनी गाडीविषयी लिहिले, मी फक्त पैशांविषयी लिहितो, कारण "डिझेलची बचत" हा शब्द प्रश्नात आला आहे.

आपण दिलेल्या वापरावरून वर्षाचे साधारण १८ हजार किलोमीटर होतात. डिझेलची गाडी लिटरला १४ देते आणि लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर वर्षाचा खर्च १ लाख १६ हजार. विजेवरची गाडी युनिटाला साडेपाच किलोमीटर देते, चार्जिंगमधली दहा टक्के गळती धरली, घरची आणि बाहेरची वीज मिसळून युनिटाला सरासरी १५ रुपये पडले, तर ५४ हजार. वाचले ६२ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आसपास. सत्तर लाखांच्या वस्तूवर ही बचत वर्षाला एक टक्कादेखील नाही. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याने इंधनाचा हिशेब करावा. आपल्या व्यवहारात तो तोंडी लावण्यापुरता आहे.

खरा फायदा करात आहे. विजेवरच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आहे आणि मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. करापूर्वी ५० लाखांच्या दोन गाड्या घेतल्या तर एक साडेबावन्न लाखांना पडते आणि दुसरी सत्तरला. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ आणि डिझेलला १५ टक्के मोटार वाहन कर लागतो, जो विजेवरच्या गाडीला माफ आहे. म्हणजे आपल्या सत्तर लाखांत विजेवरची गाडी घेतली तर एक पायरी वरची गाडी मिळते, असे म्हणणे रास्त ठरेल. मात्र ही माफी सरकारच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला होता आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. त्यानंतरच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफीची तरतूद आली. टोल खरोखर कापला गेला की नाही, हे फास्टॅगच्या संदेशात दर वेळी तपासत जा. आणि विक्रेता कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर वजावट सांगू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा. ८०ईईबी हे कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरते होते.

आता तोट्याचा रकाना, आणि तो एकाच शब्दाचा आहे: पुनर्विक्री. एक उदाहरण पुरे. बीएमडब्ल्यू आयएक्स१ सप्टेंबर २०२३ मध्ये संपूर्ण आयात होऊन आली तेव्हा तिची शोरूमची किंमत ६६ लाख ९० हजार होती. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईत तयार होणारी, लांब बांध्याची आयएक्स१ आली ती ४९ लाखांना. पहिलीला चारही चाकांना ताकद होती आणि दुसरीला पुढच्या दोनच, हा फरक मान्य. पण मागे पाय पसरायला जागा दुसरीत जास्त आणि किंमत जवळजवळ अठरा लाखांनी कमी. आदल्या वर्षी पहिली घेणाऱ्याला आता कोणता गिऱ्हाईक काय भाव देईल, हे सांगायला लेखापाल लागत नाही. आयात शुल्क किमान ७० टक्के असल्यामुळे इथली जुळणी सुरू झाली की किंमत कोसळते, आणि त्यात तंत्रज्ञान दर दोन-तीन वर्षांनी पुढे सरकते. म्हणून नियम सोपा आहे. दर चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर ही गाडी घेऊ नका, किंवा घ्यायचीच तर दोन वर्षांची जुनी घ्या आणि पहिल्या मालकाला तोटा सोसू द्या. आपण मागची गाडी अकरा वर्षे वापरली आहे, तेव्हा आपल्याला हा मुद्दा निम्माच लागू पडतो. परंतु हमी आठ वर्षांची असेल तर पुढची तीन वर्षे कोणाच्या भरवशावर, याचा विचार आत्ताच करून ठेवावा.

बावधनकर

लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण सत्तर लाखच का? महिंद्राची एक्सईव्ही ९ई आपल्या चाकणला बनते, ७९ युनिटांची बॅटरी घेऊन तीस लाखांच्या आसपास मिळते आणि पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी आहे. आतली सजावट जर्मन गाडीच्या तोडीची नाही आणि पडदे जरा जास्तच आहेत, हे मी ती वापरूनच लिहितो. उरलेल्या चाळीस लाखांचे व्याज टायरांना पुरेल.

औंधवासी

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांचा हिशेब पत्नीला वाचून दाखवला तर ती म्हणाली की डिझेल वाचवण्यासाठी सत्तर लाख घालण्यात शहाणपण नाही, हेच ती मला गेले दोन महिने सांगत होती. बावधनकर, आपली सूचना गंभीरपणे घेतली आहे, रविवारी ती गाडी पाहणार आहोत. चक्रपाणी यांच्या सांगण्यावरून आईला घेऊन एका सेडानमधून तळेगावला गेलो. सोमाटणे फाट्याशीच तिने पाय लांब करायला जागा मागितली. सेडान यादीतून गेली.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्या सोसायटीत ९६ सदनिका आहेत आणि विजेवरची मोटार एकही नाही. समितीच्या बैठकीत अर्ज ठेवला तर पहिला प्रश्न आगीचा आला, दुसरा "उद्या सगळ्यांनी मागितले तर रोहित्र झेपेल का" असा, आणि तिसरा सचिवांचा, की भिंतीवरून एकेकाच्या वायरी गेल्या तर तळघराची रया जाईल. प्रश्न चुकीचे नाहीत, म्हणून मला रागही धरता आला नाही. मी फीत घेऊन मोजले. मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगच्या जागेपर्यंत, खांब वळून, ६४ मीटर भरतात. ११ किलोवॉटचा चार्जर बसवायचा तर केबल कोणती लागेल आणि समितीला काय सांगावे?

टेकडीवाला

हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारायला हवा होता. स्वतःच्या जागेवर रात्री वीज मिळत नसेल तर सत्तर लाखांची असो वा तीस लाखांची, विजेवरची गाडी पुण्यात रोजची कटकट आहे. वीज मिळत असेल तर वर लिहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्या विसरायला होतात.

११ किलोवॉट म्हणजे तीन फेजांवर दर फेजला १६ अँपिअर. ६४ मीटरसाठी ६ चौरस मिलीमीटर तांब्याची केबल व्होल्टेजच्या दृष्टीने पुरते. केबल पुन्हा ओढावी लागू नये म्हणून १० ची घातलीत तर शहाणपणाचे होईल. अर्थिंग मोजून घ्या, इमारतीचे जुने अर्थिंग गृहीत धरू नका. गळती ओळखणारा स्विच डीसी (बॅटरीच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळतीही ओळखणारा असावा. नेहमीचा घरगुती स्विच इथे कमी पडतो आणि बरेच इलेक्ट्रिशियन तोच बसवून जातात. चार्जर छातीच्या उंचीवर लावा, कारण पावसाळ्यात तळघरात पाणी कुठवर येते हे वॉचमनला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला विचारा.

पण त्याआधी एक विचार करा. आपले रोजचे २८ किलोमीटर म्हणजे पाच-सहा युनिटे. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर गाडी तासाला तीन युनिटे घेते, म्हणजे दोन तासांचे काम. रात्रीच्या आठ तासांत सव्वाशे किलोमीटरची वीज भरते. मुंबईहून परतल्यावर गाडी पुन्हा भरायला दोन-तीन रात्री लागतील एवढाच काय तो फरक, आणि त्या रात्रींनंतरही सकाळी भोसरीला जाण्यापुरती वीज असतेच. समितीपुढे ११ किलोवॉटऐवजी तीन किलोवॉटचा अर्ज ठेवा. तो एखाद्या गीझरच्या भाराएवढा आहे, तेव्हा रोहित्राचा प्रश्न निघणार नाही. महावितरण विजेच्या वाहनांसाठी वेगळी जोडणी देते, पुढे भार वाढवायचा झाला तर तो मार्ग खुला आहे. आणि छताला केबलचा ट्रे घालताना आपल्या खर्चाने दहा केबलींची रुंदी ठेवा. फरक काही हजारांचा पडेल, पण सचिवांच्या तिसऱ्या प्रश्नाला तेच उत्तर आहे, आणि दुसरा विजेची गाडी घेणारा बहुधा तेच असतील.